खडखडीत कोरडं मोरचूद

श्री. रामप्रसाद दाजी यांना,

अंगदाचा भोकरदनहून नमस्कार. मीनाताईचा गुडघा आता कसा आहे? तुमची साखर आटोक्यात असेल असं धरून सोबत मोसंबी पाठवतो. नसली तर ताईनेच खावीत. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं तर चार दिवस मला घास गोड लागत नाही.

तुम्ही बावीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवताय, तेव्हा हसू नका. पावसाळा सरला की आम्ही मोसंबीच्या खोडांना मोरचूद-चुन्याचा लेप देतो, डिंक्या रोग होऊ नये म्हणून. मोरचूद दहा किलो, चुना दहा किलो, हे आजोबांपासूनचं माप. यंदा आमची अक्षता अकरावी सायन्सला. तिने खताच्या रिकाम्या गोणीवर पेनाने हिशोब मांडला. मोल म्हणजे डझनासारखं माप (डझनात बारा, यात म्हणे सहावर तेवीस शून्यं, एवढी मोसंबी निघाली तर भाव काय राहील?). एका मोलाचं वजन काढायला तिने तांबं, गंधक, ऑक्सिजन मिळून १५९.५ ग्रॅम धरले, वर खड्यात बांधलेल्या पाच पाण्याचे नव्वद. झाले २४९.५. एक मोल मोरचुदाला एक मोल चुना (त्याचे ७४ ग्रॅम), म्हणजे दहा किलोला तीन किलो चुना पुरे.

इथे मी तोंड घातलं. गोणीत हात घालून मूठभर खडे सगळ्यांसमोर वाजवून दाखवले. "कुठलं पाणी? हे तं खडखडीत कोरडं हाय. दुकानदार पाणी इकून राह्यला का?" शेजारचे भागवतराव आणि लेप द्यायला आलेल्या बाया हसल्या. (मलाही जरा बरं वाटलं, कबूल करतो.) पोरीने नव्वद खोडले आणि चुना साडेचार किलोच्या वर गेला. मग नेहमीसारखा लेपात विळा बुडवून पाहिला. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, नाही झालं तर लेप बरोबर. पातं लखलखीत निघालं. झालं, मी शास्त्रज्ञ ठरलो, आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगूनही आलो.

गेल्या आठवड्यात कॉलेजात चाचणी झाली. निळ्या मोरचुदाचं मोलर वस्तुमान काढा, असा प्रश्न. पोरीने १५९.५ लिहिलं. तिथून बिचकली ती पुढची सगळी गणितं खोडत बसली. कौसल्याने विचारलं तर म्हणाली, "आबा म्हणले पाणी न्हाई, मंग मी धरलंच न्हाई. मला सायन्स जमत न्हाई, आई." आता आर्ट्सला बदली मागणारा अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी देणार आहे.

परवा घरी कुणी नसताना मी चिमूटभर मोरचूद तव्यावर तापवलं, वर स्टीलची झाकणी ठेवली. थोड्या वेळाने झाकणीला आतून घाम आला आणि निळे खडे पिठासारखे पांढरे पडले. थेंबभर पाणी टाकलं तर पुन्हा निळे. पुन्हा तापवले, पुन्हा पांढरे. तेवढ्यात कौसल्या आली. (तवा भाकरीचा होता. पुढचं लिहीत नाही.)

झाडांना काही झालेलं नाही, जास्तीच्या चुन्याची ती तक्रार करत नाहीत. धास्ती पोरीची आहे. सांगायला म्हणून दोनदा तिच्यापुढे गेलो. एकदा पंख्याची चौकशी करून परत आलो, एकदा बसच्या वेळेची. आमच्या घराण्यात बापाने लेकरांपुढे चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नाही.

ताईला नमस्कार, गुडघ्याला जपायला सांगा.

तुमचा,
अंगद

ता. क. खरं काम हे, की अक्षता रविवारी त्या अर्जाबद्दल तुमचा सल्ला घ्यायला जालन्याला येतेय. पाच पाणी धरणंच बरोबर होतं, हे तिला तुम्ही सांगा. माझं नाव मध्ये आणू नका.

आणखी एक ता. क. वरचं वाचून माझीच मला लाज वाटली. दाजी, तुम्ही काही सांगू नका. हे पत्र अक्षताच आणतेय, पाकीट मी चिकटवलेलं नाही, आणि उघडं पाकीट हातात आलं की तिला राहवत नाही. तेव्हा अक्षे, पाणी होतं. तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं, चुकला तो तुझा बाप. बसला दीड तास लागतो. जालना येईपर्यंत अर्जाचं काय ते ठरव.