रांग जाऊबाईंच्या टेबलाशी

कांचघर, जबलपूर
१८ जानेवारी २०२५

ती. आईंस,
मेघनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तिकडे नागपूरला अवंतिकाताईंचं बाळ आता मान धरू लागलं असेल. तुमचे चिरंजीव हेमचंद्र रोज मटार सोलायला बसतात आणि निम्मे कच्चेच खाऊन उठतात. थंडी संपेपर्यंत या घरात दुसरी भाजी शिजेल असं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या धाकट्या सूनबाईंविरुद्ध तक्रार आहे, आणि ती तुमच्याकडे नाही करायची तर कुणाकडे? बी.ए. आणि पत्रकारितेच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा हा पेपर मी भांडून सुरू करवला, तुम्हाला ठाऊकच आहे. या पोरांना प्रोग्रॅमिंग कशाला, असं सगळं कॉलेज म्हणत होतं. मुलं पत्रकारितेची, म्हणून प्राचार्यांनी सोबतीला त्या विभागातल्या प्रणोतीला दिलं. मी म्हटलं, चलो, जाऊच आहे, माझ्याच स्कूटरवर मागे बसून येईल.

तर आता लॅबमध्ये काय चालतं ऐका. कुणाचा प्रोग्रॅम अडला की ते पोर माझ्याकडे येतच नाही. प्रणोतीकडे जातं! परवापर्यंत जिला साधी फाईल सेव्ह करायलाही मी लागत होते, तिच्या टेबलाशी रांग, आणि मी एम.सी.ए. झालेली बाई खिडकीशी उभी राहून कबुतरं बघते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मी दोन मिनिटांत चूक काढून देते, ती अख्खा तास घेते, आणि तरी! काल पनागरची समिधा मला ओलांडून तिच्याकडे गेली, तेव्हा पेनाचं टोपण चावून चावून मी चपटं केलं. जळते मी, आई. लपवत नाही.

त्यात प्राचार्य म्हणतात, पुढच्या वर्षीपासून या पेपराला एकच शिक्षिका मिळेल. नाव विभागप्रमुख म्हणून मीच कळवायचं आहे. अर्थात माझंच कळवणार. तेवढं प्रणोतीला तुम्ही समजावा, म्हणजे घरात तोंडं फुगायची नाहीत.

बाळाला पापा. तुमचा लोभ दोघी सुनांवर सारखा असतो, यंदा थोडा माझ्याकडे झुकू द्या.
तुमची,
मेघना


कांचघर, जबलपूर
२५ जानेवारी २०२५

ती. आईंना,
प्रणोतीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वहिनींचं आणि माझं काही बिनसलं आहे का, असं तुम्ही विचारलंत. भांडण काही नाही. पण त्या हल्ली स्कूटरवर एक शब्द बोलत नाहीत, आणि मी मागे बसून त्यांच्या हेल्मेटकडे बघत राहते.

खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटतो. त्या मशीनपुढे बसल्या की बोटं अशी चालतात की मुलं आ वासून बघतात. माझ्याकडे कुणी कधी तसं पाहिलेलं नाही. मला काही येत नाही, म्हणून मी मुलांनाच विचारत बसते, ही ओळ काय करते, मग पुढे काय होतं. मला समजावता समजावता त्यांची चूक त्यांनाच सापडते, आणि धन्यवाद मला मिळतात. एक दिवस हे सगळ्यांना कळेल, अशी धास्ती वाटते.

पेपर वहिनींकडेच जायला हवा, हक्क त्यांचाच. पण ती लॅब सुटणार या विचारानं काल मी फोडणी दोनदा जाळली. अपूर्व म्हणाले, आज क्या हो गया. काय सांगणार?

यातलं वहिनींना काही कळवू नका. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
प्रणोती


नागपूर
३० जानेवारी २०२५

चि. सौ. मेघनास,
अनेक आशीर्वाद.

बाळ मान धरतं, आणि माझे केसही धरतं. इथली थंडी ओसरली.

काहून इतकी जळून राहिली बाई? प्रणोतीला मी काही समजावणार नाही. तुलाच विचारते. दोन मिनिटांत चूक काढून देतेस, म्हणजे नेमकं काय करतेस? पोराला सरक म्हणतेस आणि त्याच्या खुर्चीत बसतेस, हो ना?

मला कसं ठाऊक म्हणशील. मोबाइल तू मला तसाच शिकवलास. द्या इकडे आई, म्हणायचीस, फोन तुझ्या हातात जायचा आणि काम व्हायचं. सून किती हुशार, म्हणून मी चार बायकांत मिरवायचे. इथे आले आणि कळलं की मला काहीच येत नाही. फोन वाजला तर उचलते, पण तुमचे चेहरे त्यात कसे आणायचे ते समजत नाही. अवंतिकाला बाळापुढे सवड नाही, जावयांना विचारायचा संकोच वाटतो. म्हणून मी पत्रं लिहिते, आणि तुम्हाला वाटतं सासूबाईंना पत्रांचा शौक आहे. दिवाळीनंतर मी तुमच्यापैकी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.

रागावलीस तर रागाव, पण जेवून रागाव. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.
तुझी,
आई


कांचघर, जबलपूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
मेघनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी फार राग आला. जेवून घेतलं, तरी गेला नाही. मग रडू आलं.

दुसऱ्या दिवशी समिधाला मुद्दाम माझ्याजवळ बसवलं. वर्तमानपत्रांतून मटारच्या भावाच्या बातम्या किती आल्या ते तिला मोजायचं होतं, आणि उत्तर कायम एकच येत होतं. चूक मला उभ्या उभ्याच दिसली. प्रत्येक नव्या बातमीला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत होती. ती शून्याची एक ओळ वर उचलली की झालं. मी दोन्ही हात शालीत कोंबले आणि विचारलं, पहिली बातमी झाल्यावर आकडा किती, दुसरी झाल्यावर किती. पोर कागदावर मांडत बसली. चुकली, परत मांडलं. आई, शालीत माझी बोटं नुसती वळवळत होती. तास संपता संपता ती एकदम ओरडली, की अरे, ये तो हर बार मिटा रहा है, आणि ती ओळ तिनंच वर नेली.

आकडा बरोबर आला. आणि ते सांगायला ती धावली प्रणोतीकडे. मी शेजारच्याच स्टुलावर बसले होते.

प्राचार्यांना प्रणोतीचं नाव कळवून आले. मोठ्या मनानं वगैरे नाही हो, मत्सर जागचा हललेला नाही. मुलं तिच्याकडे शिकतात, माझ्याकडे बघतात, एवढंच मला दिसलं. तिला सांगितलं तर ती रडायलाच लागली, म्हणे मला तर काही येत नाही वहिनी. समजूतसुद्धा मीच काढायची!

शेवटी डोळे पुसून म्हणाली, नागपूरला जाऊन आईंना मोबाइल मी शिकवते. तिला मी सरळ नाही म्हटलं. पेपर दिला, सासू देणार नाही. पुढच्या शनिवारच्या गाडीनं मीच येते आहे. फोन तुमच्याच हातात राहील, मग दोन दिवस का लागेनात.

वाट बघा, आणि माझीच बघा.
तुमची,
मेघना