झाकलेलं ती विसरत नाही

७ जानेवारी
पोचले एकदाची! एल्को गावाहून म्हाताऱ्या ऑरिन शिकाऱ्याच्या खटारा ट्रकमधून, सगळ्या वाटेवर बर्फ. खोपटात लाकडं जाळायची शेगडी, बीन्सचं पातेलं, ऑरिनचा कुत्रा आणि माझी स्वतःची खाट. हिवाळाभर स्वयंपाक करायचा आणि ऑरिन सापळ्यात धरेल त्या बॉबकॅटची, म्हणजे रानमांजरांची, कातडी साफ करून ताणायची. म्हातारा म्हणाला, व्हर्ला पोरी, माझ्या हातची कॉफी एकदा पी, मग चूल तूच ताब्यात घेशील. घेतली. खूप हसलो.

१२ जानेवारी
आज धंदा शिकले. बॉबकॅट नाकापेक्षा डोळ्यावर चालते. म्हणून सापळ्याच्या वर, ज्युनिपरच्या झुडपाच्या फांदीला दोरीने पक्ष्याचा पंख टांगायचा. वाऱ्यावर हलला की ती बघायला येणारच. एकटी राहते, उरलेली शिकार गवत-माती ओढून झाकते आणि सवडीने परत येते. झाकलेलं ती विसरत नाही, ऑरिन म्हणाला. वर म्हणे, माझी बायको मात्र मलाच विसरली.

२० जानेवारी
तळपायाची आग मस्तकात गेलीय. सापळे वेळच्या वेळी बघायचे असतात, आणि हा मेला आठवडाभर गावात पत्ते कुटत बसला! आज गेलो तर सापळ्यात नुसता पंजा. कुरतडून तोडलेला. बर्फात तीन पायांचे ठसे. मी तोंडाला येईल ते बोलले. हा हसला. पंख विटला होता, म्हणून त्याने तो पंजाच दोरीला बांधला. म्हणे, स्वतःचा पंजा बघायला तरी येईलच की बया! लाज कशी वाटत नाही माणसाला?

२३ जानेवारी
दारासमोर गवताचा ढीग. खाली ऑरिनचा कुत्रा. भोवती तीन पायांचे ठसे. ऑरिन बंदूक घेऊन निघाला. मी म्हटलं, जा, तू केलंस, तूच निस्तर. ट्रकची किल्ली त्याच्याच खिशात राहिली, आणि गाव पायी गाठण्याजोगं नाही.

२५ जानेवारी
आला नाही. शोधायला गेले. दोरीला पंजा नव्हता. ऑरिनचा हातमोजा होता. वाऱ्यावर हलत होता, पण रिकामा मोजा हलतो तसा नाही. जड.
खाली गवताचा लांबट ढीग. किल्ली त्यातच. पण मी बघायला यावं म्हणूनच तो टांगलाय ना? पळत सुटले, थेट खोपटात.

२६ जानेवारी
मेल्या ऑरिन, मेलास तरी तुझा राग जात नाही. आणि तिचाही येतो. मी तर तिच्या बाजूने भांडले होते! पण भिंतीवर ताणलेली कातडी माझ्याच हातची—

२७
दार आतून लावलेलं. उठले तर गोधडीवर गवत. गुडघ्यांपर्यंत. सगळं शेगडीत जाळलं.

२८
कमरेपर्यंत. आज झोपायचंच नाही—

सकाळ
डोळा लागला, जरासाच— गवत हनुवटीपर्यंत. ओलं. कसाबसा हात बाहेर काढलाय. ये ना समोर, ये एकदाची, मी तुला—
खिडकीबाहेर काहीतरी हलतंय. मोजा. बघायचं नाही. नाहीच बघायचं, व्हर्ला, मान वळवू नको, नुसतं एकदा