विनवणीचे भूसंपादन

एजवेअर, २५ मार्च १९९०

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी,

शशिधरचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघे धडधाकट आहोत. तिकडे तुमचा गुडघा आणि आईंचा नवा डोळा (मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना स्वयंपाकघरातली जळमटे दिसू लागली आणि झाडू तुमच्या हाती आला, असे कळले) आपापली कामे नीट करत असतील अशी आशा करतो. साखर तपासत जा. 'जेवणानंतर एकच पेढा' हे पथ्य नव्हे, हे जावई म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून लिहितो.

घराशेजारच्या जमिनीचे काय झाले, वैजयंती काही नीट कळवत नाही, असे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलेत. ती कळवत नाही कारण तिला सवड नाही. तुमची कन्या आता नदीकाठ बचाव समितीची सेक्रेटरी आहे, आणि आमचे जेवणाचे टेबल हे समितीचे ऑफिस आहे. मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. तेव्हा ही हकीकत मीच, जमेल तितक्या तटस्थपणे, लिहून पाठवतो.

तुम्ही बत्तीस वर्षे भूसंपादन खात्यात काढलीत. चावडीवर नोटीस डकवायची, मोजणी करायची, आणि उरलेला वाद धरणाच्या पाण्यावर सोपवायचा, ही रीत तुम्ही घालून दिलेली. इथे विलायतेत सरकारला जमीन घ्यायची म्हणजे मुलगी बघायला जावे तसे जातात. आधी चहा होतो, मग हवामान, मग केक, आणि तिसऱ्या भेटीत कोणीतरी खाली मान घालून जमिनीचा विषय काढतो. तुम्ही इथे नोकरीला असतात तर तुमचे एकही धरण बांधून झाले नसते आणि वजन मात्र दुप्पट झाले असते.

आता जमीन कोणती ते सांगतो. आमच्या घराच्या कडेने रस्त्यापासून नदीपर्यंत एक पट्टी जाते, लॉरी जाईल एवढी रुंद. ती घराबरोबर आमच्या मालकीची झाली. तिच्या पलीकडे बंद पडलेल्या डेअरीचे सात एकर कुरण आहे आणि त्या कुरणाला रस्त्यावरून जायला दुसरी वाट नाही. नदीचे नाव विम. (होय, भांड्यांच्या पावडरीचेच. पण पाणी पाहून भांडी घासावीशी वाटत नाहीत.) कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला हिला नदी म्हणताना जीभ अडखळते, मी चपला हातात घेऊन ती चार पावलांत ओलांडू शकतो. पण इथले लोक तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका बिल्डरचे पत्र आले. त्याला कुरणावर बेचाळीस फ्लॅट बांधायचे होते आणि वाटेसाठी आमची पट्टी हवी होती. भाव असा, की मी पत्र दोनदा चष्मा पुसून वाचले. पुढच्याच आठवड्यात नदीकाठ बचाव समितीच्या मिसेस ऑल्डरटन आल्या. वय एकाहत्तर, पायात गमबूट, हातात आल्याचा केक. समितीची मागणी अशी होती: कुरण कौन्सिलने विकत घेऊन सगळ्यांसाठी मोकळे ठेवावे आणि पट्टीवर आम्ही कव्हेनंट करून द्यावे. हा प्रकार तुमच्या कायद्यात नाही म्हणून समजावतो. जमीन आमचीच राहते. कुंपण आमचे, पडलेली झाडे उचलायची ती आम्हीच. फक्त तिच्यावर काही बांधण्याचा, रस्ता काढण्याचा हक्क कायमचा सोडून द्यायचा, आणि उद्या घर विकले तर नव्या मालकालाही तो परत मिळत नाही. म्हणजे सून आपलीच, पण तिला काही सांगायचे नाही. मी विचारले, "याबद्दल आम्हाला काय मिळेल?" मिसेस ऑल्डरटननी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिले आणि केकचा आणखी एक तुकडा दिला. ते उत्तर होते हे मला नंतर कळले. वैजयंती त्याच संध्याकाळी समितीत गेली.

मी भांडलो नाही. सुशिक्षित माणसाप्रमाणे कारस्थान केले. कौन्सिलने जमीन घ्यायची तर आधी तिथे जपण्यासारखे काही आहे का याची पाहणी व्हायची होती, आणि जूनमध्ये त्यासाठी मिस थ्वेट नावाची तरुण बाई यायची होती. वैजयंतीची त्या दिवशी फार्मसीत ड्यूटी. मी रजा काढली आणि 'मी दाखवतो ना' म्हणून पुढे झालो. काठावरचा सगळ्यात भिकार भाग मी आधीच हेरून ठेवला होता. तुटकी ट्रॉली, सायकलचे चाक, एक गादी. मी त्या बाईला गादीपुढे उभे केले आणि खेदाने म्हणालो, "पाहिलंत? हे असं आहे."

एवढे म्हणून मी मागे सरलो, आणि मागे जमीन नव्हती. वरून गवत दिसत होते, खाली चिखल. कमरेपर्यंत गेलो. हाताला लव्हाळ्याचा एक झुबका लागला, तो धरून ओरडलो. मिस थ्वेट धावत आली, वाकली, माझ्या मुठीकडे पाहिले आणि म्हणाली, "हलू नका!"

मला वाटले, चिखलात रुतलेल्या माणसाने हलू नये असा काही नियम असेल. तिने खिशातून भिंग काढले. मला नव्हे, लव्हाळ्याला लावले. पानावर तिळाएवढी एक गोगलगाय होती. मग दुसरी सापडली. बाबा, मी चिखलात उभा आणि ती बाई माझ्या मुठीतल्या गोगलगायी मोजते आहे! अकरा भरल्या. मग तिला माझी आठवण झाली. "डॉक्टर, ही जात या भागातून गेली असंच आम्ही समजत होतो," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याही होते, पण कारण वेगळे. रिपोर्टमध्ये 'जमीनमालकाच्या बहुमोल सहकार्याने' असे छापून आले. वैजयंतीने ते पान फ्रिजवर लावले.

नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये सभा झाली. कौन्सिलर मंडळी म्हणाली, गोगलगायीचे खरे, पण पैसे कुठून आणायचे, आणि शेजारची पट्टी बिल्डरकडे गेली तर कुरण घेऊन तरी काय उपयोग? मग समितीतर्फे तुमची कन्या उठली. मला वाटले, आकडे वाचेल. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "मी चौऱ्याहत्तर साली या देशात आले," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "पंधरा वर्षं जाईन तिथे पहिला प्रश्न एकच, तुम्ही मूळच्या कुठल्या? दुकानात, बसमध्ये, शेजारी. नदीवर मला कधी कोणी विचारलं नाही. तिथे गेले की मी इथलीच असते." आणि बसली.

मला हे ठाऊक नव्हते. रोज पहाटे ती तिकडे जाते ते पाय मोकळे करायला, अशीच माझी समजूत होती. चेअरमनने विचारले, पट्टीचे मालक हजर आहेत का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फक्त वैजयंतीने पाहिले नाही, ती समोरच पाहत होती. मी 'विचार करून कळवतो' असे म्हणायला उभा राहिलो. तोंडातून निघाले, "सही कुठे करायची?"

ठराव दोन मतांनी पास झाला. फेब्रुवारीत कुरण कौन्सिलचे झाले आणि मी कव्हेनंटवर सही केली. आता माझ्या जमिनीवर गवत माझे, पण जुलै उलटल्याखेरीज ते कापायचे नाही. गादी तेवढी उचलून न्यायची परवानगी मिळाली. ती मीच उचलली.

आईंना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, आमच्यावरही असू द्यावा.

तुमचा जावई आणि अकरा गोगलगायींचा पालक,
शशिधर

ता.क. पत्राचे खरे कारण राहिलेच. मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक आहे आणि वैजयंती उभी राहायचे म्हणते. तुमचा शब्द ती मोडत नाही. 'संसार सांभाळ, या भानगडीत पडू नकोस' असे चार खडसावणीचे शब्द तिला ताबडतोब लिहावेत. मी लिहायला सांगितले हे कृपया लिहू नये.

ता.क. २. बिल्डरचे ते पत्र आपण होऊन आले नव्हते. पट्टी विकायची आहे असे आधी मीच त्याला कळवले होते. हेही तिला लिहू नये.

(याखालचा मजकूर वैजयंतीच्या अक्षरात.)

बाबा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याच हाती दिले आणि पाकीट चिकटवायचे राहिले. बिल्डरचे मला गेल्या वर्षीच कळले होते. त्याने पहिल्याच ओळीत 'आपल्या पत्राबद्दल आभार' लिहिले होते. निवडणुकीचा अर्ज मी सोमवारी भरते आहे. टाउन हॉलमधून फॉर्म यांनीच आणला, सूचक म्हणून पहिली सहीही यांचीच आहे. आता 'नको' म्हणायला यांना तोंड उरले नाही, म्हणून तुमचे उसने मागताहेत. देऊ नका.