पेरॉक्साइडची बरणी

३ जानेवारी, सकाळी ९
पावणेनऊला माझं आयुष्य बदललं. उर्विशा लॅबच्या दारात म्हणाली, आधी एक तरी गोष्ट पुरी करून दाखव, मग पप्पांशी आपल्या लग्नाचं बोलेन. तिनं एम.एस्सी. केलं, मी दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. एवढाच काय तो फरक!
तिच्या पप्पांच्या, जशुभाईंच्या, वापीतल्या कारखान्याला सोडियम पेरॉक्साइड बाहेरून आणावं लागतं. मी ते साध्या धुण्याच्या सोड्यापासून करणार. कारखान्यातल्या लॅबची मागची खोली मिळाली. त्यांनी ते हातात घेईपर्यंत बाहेर पडणार नाही. शपथ.

५ जानेवारी
सोडा आणि चुना उकळून कॉस्टिक केलं. शर्टाला तीन भोकं. दमट हवा नको म्हणून खिडकी बंद. जीव घुसमटतो. जशुभाई दाराच्या जाळीतून म्हणाले, "अरे दीकरा, उंधियुं खायला तरी ये!" शपथ आहे, म्हटलं. तर म्हणाले, मग वासावर भागव.

८ जानेवारी
कॉस्टिक बर्फात ठेवून त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं. दाणे पडले! गाळून बरणीत भरले. जिंकलो. उर्विशा जाळीतून ओरडली, झाकण लाव आधी! किती काळजी करते. प्रेमच हे.
जशुभाई सुरतेला गेलेत. पंधरापर्यंत मी आतच.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळे छतावर पतंग उडवतायत. "काप्यो छे!" हा तिचाच आवाज. मी चार भिंतींत. बरणी उघडली, तोंड जवळ नेलं, तिचं नाव घेतलं, लांब उसासा सोडला. दिवसातून वीसेकदा हेच. बरं वाटतं.

१५ जानेवारी, दुपारी
जशुभाईंनी देवापुढची पेटती उदबत्ती आणली. ऑक्सिजन निघाला तर भडकेल, म्हणाले. बरणी हातात घेतली, दाण्यांवर लिंबू पिळलं. फसफस! मी ओरडलो, बघा! त्यांनी उदबत्ती आत धरली.
विझली.
"अरे भल्या माणसा, हा तर धुण्याचा सोडा!"
उर्विशानं विचारलं, झाकण उघडं ठेवलंस? मी उसाशांचं सांगितलं. ती हसून हसून खालीच बसली. म्हणाली, श्वासातल्या कार्बन डाय ऑक्साइडनं पुन्हा सोडा झाला, येड्या. तिसऱ्या वर्षाला पहिलाच धडा होता.
मग हसू थांबलं. पप्पांशी काय बोलू आता, म्हणाली, आणि गेली.
हवेचा दोष आहे. शपथ तशी पुरी झाली. जशुभाईंनी हातात घेतलंच की.
बरणी इथंच ठेवून निघतो. दार मात्र घट्ट लावतो.