कला जुळत नाही

१४ ऑगस्ट १९७९

आजही कला जुळली नाही! नव्या मशीनचे चार चॅनेल, चौघांना ठोके देणारं घड्याळ एकच, तरी स्कोपच्या पडद्यावर विजेच्या चारही लाटा आपापल्या मर्जीने उठतात. सेकंदाला एक कोटी लाटा — या घाईत कोण कोणासाठी थांबणार? बरं, फरक तरी कायम राहावा! मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की फरक नवाच. धरावं तरी काय?

वाडीच्या आमच्या कारखान्यात लाटेच्या या टप्प्याला सगळे 'फेज' म्हणतात. मी नरखेडच्या मराठी शाळेत 'कला' शिकलो, ती जिभेवरून हटत नाही. देवकी शेजारच्या टेबलावरून चिडवते, "आले कलाकार!" चिडवू दे. ती चिडवत नाही तो दिवस मला अळणी जातो.

१६ ऑगस्ट

देवकीने पकडलं! प्रत्येक चॅनेलमध्ये ठोके मोजणारा एक आयसी आहे. वीज आली की कोणी शून्यापासून मोजतो, कोणी तिनापासून, जिथे जाग येईल तिथून. "हे सारे उठून राहिले, पण सोबत नाही," ती म्हणाली. "आधी सगळ्यांना एकदाच शून्यावर आणा, मग सोडा." एक बटण, चौघांना एक सामाईक तार — आणि काय सांगू! तीन लाटा एकावर एक. चौथी अजून थोडी मागे, पण आता रोज तेवढीच मागे. मी आनंदाने टेबलावर हात आपटला, चहा सांडला.

परत येताना बसस्टॉपवर मी म्हटलं, "आपणही असंच करू ना, सोबत." ती हसली नाही. "मी माझ्या बाबांना कधीचं सांगितलं. तुम्ही आईंना सांगितलं?"

नाही सांगितलं. तिचे वडील दादाजी, छप्पन साली दीक्षा घेतलेले. आमचं गावचं कुणबी घर. आणि पोळा झाला की रुपरावमामा त्यांनी आणलेल्या स्थळाचा जबाब घ्यायला येणार! आई नाही म्हणाली तर? बाबा गेल्यावर तिनेच शेत सांभाळून मला शिकवलं. तिला दुखवून कसं चालेल? आणि देवकीला गमावून?

१९ ऑगस्ट, रविवार

काय झालं ते लिहितो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

प्रताप नगरच्या खोलीत खाटेवर बसून चौथ्या चॅनेलचं गणित करत होतो. तोंडाने चालूच — "कला काही जुळत नाही बुवा." आई अंबाडीची भाजी निवडत होती. हात थांबला.

"कोन गा हे कला?"

मी वहीतून डोकं वर काढलं.

"काहून जुळत नाई? पत्रिका का जात?"

हसू दाबू की पळून जाऊ! आई पुन्हा भाजीकडे वळली. "जातच असन. नसू दे. रुपरावले मी सांगतो. पोट्टीले घरी आन. झोपेतबी तिचंच नाव घेऊन राहिला, मले का आयकू येत नाई?"

बाप्पा! झोपेतही कला! या मशीनने पार वेड लावलं. खुलासा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. जात जुळत नसली तर नसू दे — हे आईच्या तोंडून! डोळे भरून आले.

२१ ऑगस्ट

चौथीचं कारण सापडलं. तिचं कार्ड पेटीच्या टोकाला, म्हणून तिची तार दीड हात लांब. विजेलाही तेवढं चालावं लागतंच की! चारही तारा सारख्या कापल्या, जवळच्यांची जास्तीची तार गुंडाळून बांधली. चारही लाटा एकजीव. कारखान्याच्या आनंदराव साहेबांनी सगळ्यांना समोसे खिलवले.

देवकीला आईचं सांगितलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "पण त्यांनी हो म्हटलं ते कलाला. मला कुठे?"

खरं आहे तिचं.

२२ ऑगस्ट

पोळा. आईने पुरणाच्या पोळ्या केल्या. आज सांगणार होतो. चार पोळ्या खाल्ल्या, सांगितलं नाही. भित्रा!

२६ ऑगस्ट, रविवार

देवकीला घरी नेलं. दारातच सांगायचं ठरवलं होतं — आई, कला कोणी नाही, ही आहे, हिचं नाव हे, घर हे, समाज हा. पण मी चपलाच काढत राहिलो. आईच पदर सावरत पुढे आली, तिचा हात धरला.

"ये वं देवकी, बस. दादाजीले सांगजो, पुढच्या आयतवारी आमी येतो."

मी तर अजून नावही सांगितलं नव्हतं! झोपेत मी 'कला' म्हणतच नव्हतो तर, देवकी आणि दादाजीच म्हणत होतो.