डावीकडचा माऊस

४ जानेवारी

झालं! एकदाचं चाललं!

कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून दिवसभराच्या चाचण्या येतात, त्या त्यांच्या जुनाट प्रोग्राममध्ये एकेक करून भरायच्या — माझं घरबसल्याचं काम. बटणं दाबून दाबून मनगट गेलं होतं. आता माझ्याऐवजी मी लिहिलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, भरते. पडद्यावर बाण आपला आपण फिरतो, खिडक्या उघडतो, आकडे टाकतो. मी नुसती बघत बसले. वेड्यासारखी हसत होते.

एकच अट. ते चालू असताना माऊसला हात लावायचा नाही. बाण जरा सरकला की सगळा घोळ. घरात दवंडी पिटली — हात लावाल तर याद राखा! नवरोबा म्हणाले, "आम्ही कशाला लावतोय? तू आणि तुझं भूत!"

९ जानेवारी

भुताला सोबत मिळाली. आई.

रोज चारला स्क्रिप्ट सुरू करून मी भाजी आणायला खाली उतरते. आज परत आले तर सासूबाई माझ्या खुर्चीत! काठी टेबलाला टेकवलेली, उजवा हात मांडीवर निपचित, डोळे पडद्यावर. बाण जाईल तिकडे मान वळत होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला त्यांचा. कानाला यंत्र लावून, समोरच्या दिव्यांवर नजर ठेवून. म्हणून आवडत असेल.

"मजा वाटते का आई?"

"हां."

अर्धांगाचा झटका आल्यापासून एवढा एकच शब्द उरलाय. चहा हवा? हां. चहा नको? हां. आधी रडू यायचं, आता आम्हीच दोन्हीकडून बोलतो. पाटी-पेन्सिल दिली होती, बाजूला सारली. डॉक्टर म्हणतात, "आत किती पोचतंय, सांगणं कठीण आहे." लिहायचं-वाचायचं बहुधा गेलंच, म्हणाले.

एके काळी मला शब्दांनी सोलून काढायच्या! पोळ्या करायला लागले की मागे उभ्या — "नकाशे काढतेस का गं?" आज कुणी सांगितलं की त्या तसं पुन्हा म्हणतील, तर मी जन्मभर वाकड्या पोळ्या लाटीन.

१७ जानेवारी

माऊस कीबोर्डच्या डावीकडे कोण ठेवतं?! नवरोबा शपथेवर नाही म्हणतात. दुसरं कोण असणार?

२८ जानेवारी

परत डावीकडे. भांडण. नवरोबा म्हणे, "भुताला विचार."

११ फेब्रुवारी

ताईंचा फोन. नणंदबाई तशा मनाच्या चांगल्या, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी एक जागा बघितलीय. नर्स चोवीस तास, व्यायाम करून घेणारे, बाग. पहिल्या तारखेपासून खोली मिळते. "तुझीही ओढाताण थांबेल," मला म्हणाल्या. खोटं कशाला लिहू? ऐकून खांदे हलके झाले. आणि लगेच स्वतःचाच राग आला.

रात्री जेवताना नवरोबांनी विचारलं. घास तसाच हातात. "आई, तिथे काळजी छान घेतील. जायचं ना?"

आईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"हां."

नवरोबा हुश्श झाले. ताईंना लगेच कळवलं — आई तयार आहे. मी भांडी घासायला उठले. हेच उलटं विचारलं असतं तर? पण बोलले नाही. मुलगा-मुलगी त्यांची. मी कोण?

१८ फेब्रुवारी

दवाखान्याची दुसरी शाखा निघाली, चाचण्या दुप्पट. संध्याकाळभर संगणक भुताच्या ताब्यात देणं परवडत नाही. म्हणून आज पडदा काढूनच टाकला! काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची, एन्टर — बस. स्क्रिप्ट आतल्या आत चालते. जुन्या प्रोग्रामला पडदा लागतोच, तर त्याला खोटाच पडदा दाखवायचा. त्याला काय कळतंय! मी इकडे माझं दुसरं काम करायला मोकळी.

चारला आई आल्या. खुर्चीत मी. पडद्यावर माझी पत्रं. त्या काठीवर उभ्याच.

"चाललंय आई, आत चाललंय. दिसत नाही एवढंच."

"हां."

थोडा वेळ थांबल्या आणि खोलीत गेल्या. काठीचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

१९ फेब्रुवारी

अडकलं. तिसऱ्याच माणसावर. का?

२१ फेब्रुवारी

रोज अडकतंय. कधी तिसऱ्या माणसावर, कधी दहाव्या. स्क्रिप्ट तीच! एक अक्षर बदललेलं नाही. जानेवारीपासून बिनबोभाट चालली आणि पडदा काढल्याबरोबर रुसली. डोक्याला ताप! डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, "उद्यापर्यंत होईल ना?"

आई चारला येत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताईंनी त्यांच्यासाठी नवे गाऊन पाठवलेत, तिकडे लागतील म्हणून. बॅग कपाटावरून काढली. धूळ पुसली. परत वर ठेवली.

२३ फेब्रुवारी

सापडलं. अडकेल त्या क्षणी त्या खोट्या पडद्याचा फोटो काढ, असं स्क्रिप्टला सांगितलं. फोटोत मधोमध एक छोटी खिडकी — "या रुग्णाची जुनी चाचणी आहे. पुसून टाकायची का?" खाली हो, नाही. प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसलेला. दहाव्या माणसावर वेगळीच — "दोन्ही कानांचा अहवाल एकत्र जोडायचा का?" हो, नाही.

ह्या खिडक्या मी साफ विसरले होते; हाताने भरताना बोटं आपोआप उत्तर द्यायची! स्क्रिप्ट करून बघितली तेव्हा नवे पेशंट घेतले होते, तेही एकाच कानाचे, जुनी चाचणी असणार कुठून? माझ्या स्क्रिप्टमध्ये त्यांना उत्तरच नाही.

मग इतके दिवस उत्तर कोण देत होतं?

दवाखान्यातल्या जुन्या चाचण्या उघडून बघितल्या. एकही पुसलेली नाही. अहवाल सगळे जोडलेले. म्हणजे एका प्रश्नाला नाही, दुसऱ्याला हो. दर वेळी बरोबर!

माऊस आठवला. डावीकडचा.

२४ फेब्रुवारी

पडदा परत लावला. चारला आईंच्या खोलीत गेले. "आई, भूत आलंय."

उठल्या! केस सारखे केले डाव्या हाताने. खुर्चीत बसवलं, पिशवी घेतली, दार मोठ्याने लावलं — आणि आतच राहिले. दाराच्या पडद्याआड.

बाण फिरत होता. आईंचा हात मांडीवर. बाण चालू असताना कशाला हात लावला नाही. माझी दवंडी पाळत होत्या! खिडकी आली. बाण थांबला. आई पुढे झुकल्या. ओठ हलले, एकेका शब्दावर. माऊस ओढून डावीकडे घेतला. हळूच "नाही" दाबलं. हात परत मांडीवर. पुढची खिडकी, जोडायचं का — "हो".

आई वाचतात. कळतं त्यांना. सगळं कळतं! आणि आम्ही त्यांच्या समोर, त्यांच्या ताटाशी बसून, गाऊन आणि बागेच्या गप्पा मारत होतो.

पडद्याआडून धावत गेले आणि गळ्यात पडले. माऊस खाली पडला, स्क्रिप्टचा पार बट्ट्याबोळ. आईंनी पाठीवर थोपटलं. "हां, हां, हां."

रात्री नवरोबांना सांगितलं. "सवयीने दाबत असेल गं," म्हणाले. पण झोपले नाहीत. ताईंना कळवू का विचारलं तर म्हणाले, "आधी मला बघू दे."

२५ फेब्रुवारी

चारला नवरोबा घरी. खुर्चीच्या मागे आम्ही दोघं उभे. तिसऱ्या माणसानंतर मी माझी स्वतःची खिडकी घातली होती — "आई, तुम्हाला तिकडे राहायला जायचंय का?" हो, नाही.

बाण थांबला. आईंनी वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नवरोबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आई, जायचंय?"

"हां," आई म्हणाल्या. आणि डाव्या हाताने "नाही" दाबलं.