मुग्धासाठी आणलेली पुस्तकं

१६ नोव्हें., शनि.
तिसरं पुस्तकही परत. मुग्धाची खूण अकराव्या पानावर. आधीच्या दोन्हींत नवव्या.
चौदा वर्षांची झाली. फोनवर वाचते ते मी वाचन धरत नाही. अनंत म्हणतो, धर. त्याला काय. लग्नाला सोळा वर्षं झाली, कंपनीच्या सुरक्षा-पुस्तिकेपलीकडे नवऱ्याला काही वाचताना पाहिलेलं नाही.
कॉलेज सुटल्यावर पेणच्या ग्रंथालयात. तिथले काका म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आवडतं ते नेऊ नका. तिथंच चुकताय." जादू, राक्षस, उडते प्राणी यांचं कपाट उघडून दिलं. बी.ए.ला मराठी शिकवणारी बाई त्यासमोर पाऊण तास उभी.

२० नोव्हें., बुध.
पुन्हा तेच कपाट. पहिल्या पानावर उपदेश नको. राज्याचा इतिहास पाच पानं चालला की पुस्तक बंद. भविष्यवाणी असलेली सगळी बाजूला.
एक उरलं. भाषांतर, तीन भाग. गावातल्या प्रत्येकानं आपली सावली किल्ल्यात जमा करायची. एक मुलगी करत नाही. पहिल्याच ओळीत ती खोटं बोलते. तेवढ्यासाठी घेतलं.
रोह्याच्या गाडीत कासू स्टेशनपर्यंत वाचलं आणि मिटलं. पुढचं तिच्या तोंडून ऐकायचं.

२ डिसें., सोम.
पहिला भाग संपला!
जेवताना विचारलं तर भात गार होईपर्यंत सांगत होती. किल्ल्याचे पहारेकरी शिफ्ट बदलतात, हजेरीच्या गडबडीत दार उघडं राहतं, तेव्हा मुलगी आत शिरते. धूर पिवळा झाला की आत काही बिघडलंय हे गावाला कळतं. इतकं बारीक वाचते ही. अ. मान खाली घालून जेवत होता. कंटाळला असावा.
स्टाफरूममध्ये उद्या सांगणार आहे. सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

१३ डिसें., शुक्र.
दुसरा भाग बदलून तिसरा आणला. परत करण्याआधी चाळला. पान १४०, शिवणीत जवळ्याच्या चटणीचे दोन कण. तेलाचा डाग.
मुग्धा जवळ्याच्या वासानं घराबाहेर जाते. ती चटणी फक्त अ.च्या डब्यात असते.
पुस्तक त्याच्या पिशवीत पडलं असेल. चुकून.

१५ डिसें., रवि.
अ. अंगणात स्कूटर धूत होता, मुग्धा पाणी ओतत होती. मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. त्याचा आवाज आला.
"नाय गो, ती मरत नाय. तिची सावली मरते. आईनं विचारलं तर असंच सांग, घोळ घालू नको."
"आणि किल्ला?"
"त्याला अजून येळ हाय. चाळीसच पानं झालीत माझी."
चादर पिळून हातात होती. तशीच बादलीत ठेवली.
विचारलं. दोघांनीही लपवलं नाही. पहिल्यापासून हेच. तो कंपनीच्या बसमध्ये वाचतो, डबा खाताना वाचतो. तिला क्लासला सोडताना स्कूटरवर सांगतो. ती ते जेवताना मला सांगते.
"तू किती खूश होतीस," मुग्धा म्हणाली. जसं काही मला भेट दिली.

१६ डिसें., सोम.
वर्गात दोनदा वाक्य अर्धं राहिलं.
मुलीचं समजू शकते. चौदाव्या वर्षी आपणही
त्याचं नाही. माझा कथासंग्रह अकरा वर्षं कपाटात आहे. अर्पण त्यालाच. एकशे बारा पानं. वेळ नसतो म्हणाला होता. डोळे दुखतात म्हणाला होता. आता बसच्या हादऱ्यांत हे जाडजूड भाग.
संध्याकाळी तेवढंच विचारलं. माझं का नाही? तो मेथी निवडत बसला होता. पूर्ण जुडी निवडून झाल्यावर म्हणाला, "ह्या पुस्तकांत मी नाय, माहीत हाय मला. तुझ्यात असलो तर?"
आहे. तिसऱ्या कथेत. सांगितलं नाही.

२१ डिसें., शनि.
घरात कामापुरतं बोलणं. भाजी, गॅस, क्लासची वेळ.
ग्रंथालयात काकांना सांगून टाकलं. हसले. म्हणाले, "वाचलं ना घरात कोणीतरी?" मी पुस्तक न घेता निघाले.
स्टाफरूममध्ये विचारतात, मुग्धा आता काय वाचते. तिसरा भाग, म्हणते.

२६ डिसें., गुरु.
तास नव्हते. दुपारीच घरी. अ. रात्रपाळी करून आत झोपलेला. मुग्धा मागच्या पायरीवर. मांडीवर तिसरा भाग, शेवटची पंधरावीस पानं उरलेली. मला पाहून मिटला नाही. ओठांवर बोट ठेवून हळू बोलायला सांगितलं.
दुसऱ्या भागाच्या मध्यापासून वाचते आहे. तो झोपला की त्याच्या पिशवीतून काढते. त्याची खूण, कँटीनचं कुपन, होतं त्याच पानात परत ठेवते.
"बाबांना नको सांगू. सांगायचे बंद होतील."
मी म्हटलं, पण तू तर त्याच्या पुढे गेलीस. मग ऐकायचं काय उरलं?
"ते सांगतात ते यात नाहीये, आई. शिफ्ट नाही, धूर नाही. किल्ल्याला दारच नाहीये."
मी कासूपर्यंतच वाचलं होतं. मला कसं कळणार.
सोळा वर्षं एका घरात. मला त्यानं कधी एक गोष्ट सांगितली नाही.
चार वाजता तो उठला, त्याआधी मुग्धानं पुस्तक पिशवीत परत ठेवलं होतं. चहा घेऊन आमच्याजवळ पायरीवर बसला. दहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलला. मानेनं मुग्धाकडे दाखवत मला म्हणाला, "आपल्या मनानं कधी वाचील का गो ही?"
मुग्धा माझ्याकडे बघत होती.
बघू, म्हटलं.